आकड्यामागचे यंत्र आणि यंत्रामागचा माणूस

पत्ता हा शब्द ऐकताच मनुष्याच्या मनापुढे एखादे घर उभे राहते. गल्ली, घरक्रमांक, दारावरील पाटी ही सर्व स्थिर असतात. आज सकाळी जे घर ज्या क्रमांकाचे होते ते सायंकाळीही त्याच क्रमांकाचे असते, आणि पोस्टमन दहा वर्षे तेथेच पत्रे टाकीत राहतो. संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला जो आयपी पत्ता मिळतो, त्यालाही ‘पत्ता’ हेच नाव पडल्यामुळे तोही असाच स्थिर व निःसंदिग्ध असावा अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत केवळ अपुरी असती तर तिची विशेष दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु तिच्यापायी निरपराध माणसाला तुरुंगात दिवस काढावे लागले आहेत, म्हणून तिचा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

बंगळूर हे शहर संगणकविद्येचे माहेरघर म्हणून आज जगभर ओळखले जाते. १९८५ साली एका अमेरिकन कंपनीने तेथे संशोधनकेंद्र उघडून उपग्रहामार्फत ते थेट अमेरिकेशी जोडले, तेव्हापासून या शहराची भरभराट संगणकांच्या जाळ्यावरच झाली. याच शहरात २००७ सालच्या ऑगस्टच्या अखेरीस पुण्याच्या पोलिसांनी एका तरुण संगणक अभियंत्यास त्याच्या घरातून अटक केली. ऑर्कुट या त्या वेळच्या लोकप्रिय संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची अवहेलना करणारे चित्र कोणी तरी टाकले होते. ते ज्या आयपी पत्त्यावरून टाकले गेले, तो पत्ता त्या वेळी कोणाकडे होता, असे पोलिसांनी इंटरनेटची सेवा पुरविणाऱ्या कंपनीस विचारले, आणि कंपनीने या अभियंत्याचे नाव कळविले. नाव चुकीचे होते. त्या चित्राशी या गृहस्थाचा काडीचाही संबंध नव्हता. तरीही चूक उघडकीस येऊन सुटका होईपर्यंत त्याचे ५० दिवस कोठडीत गेले. ज्या विद्येवर तो उपजीविका करीत होता, तिच्याच एका आकड्याने त्याला गजाआड नेले.

कोणा कारकुनाची नजरचूक झाली, असे म्हणून हा प्रसंग सोडून देता येईल. परंतु नजरचूक ही मनुष्याच्या प्रत्येक कामात होणारच. खरा प्रश्न असा की, एका आकड्याच्या आधारे एका माणसाचे स्वातंत्र्य हिरावले जात असताना ती चूक वाटेत कोठेच का अडली नाही? याचे उत्तर पत्त्याविषयीच्या आपल्या भाबड्या कल्पनेत आहे. पत्त्यापासून माणसापर्यंतची वाट एका उडीची नाही. पत्ता आणि वेळ यांवरून ग्राहक, ग्राहकावरून त्याचे जाळे, जाळ्यावरून त्यातील यंत्र, आणि यंत्रावरून ते वापरणारा माणूस, अशा तिच्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला स्वतंत्र पुरावा लागतो, आणि प्रत्येक पायरीवर पाय घसरण्याची स्वतंत्र जागा आहे. या पायऱ्या ओळीने तपासून पाहणे उपयुक्त होईल.

आयपी पत्त्याची जी पद्धत अद्याप सर्वत्र वापरात आहे, तिचे नियम १९८१ साली प्रसिद्ध झाले. तीनुसार पत्ता हा ३२ द्विमान अंकांचा असतो. वाचण्याच्या सोयीसाठी तो ० ते २५५ यांच्या दरम्यानच्या चार संख्यांनी लिहितात, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५. हा आकडा यंत्रावर कोरलेला नसतो. तो यंत्राला जाळ्याकडून मिळतो, आणि बहुधा ठराविक मुदतीपुरताच मिळतो. यंत्र सुरू झाले की ते पत्त्याची मागणी करते. जाळ्यातील एक नियंत्रक मोकळ्या पत्त्यांपैकी एक त्याला देऊ करतो व तशी नोंद ठेवतो. मुदत संपली आणि ती वाढवून घेतली नाही, तर तोच पत्ता दुसऱ्या यंत्रास दिला जाऊ शकतो. या देवाणघेवाणीची पद्धत १९९३ साली निश्चित झाली. तेव्हा आयपी पत्ता हा घरक्रमांकापेक्षा धर्मशाळेतील खोलीच्या क्रमांकाशी अधिक जुळतो. सातव्या खोलीत कोण उतरले होते, या प्रश्नाला ‘केव्हा?’ हा प्रतिप्रश्न विचारल्यावाचून उत्तर देता येत नाही. आणि ते उत्तर खोलीच्या दारावर नसून व्यवस्थापकाच्या वहीत असते.

ज्या जाळ्याचा कारभार आपल्याच हाती आहे, अशा शाळेच्या किंवा कार्यालयाच्या लहान जाळ्यात एखादा पत्ता कोणत्या यंत्राकडे आहे हे शोधणे त्या मानाने सोपे असते. त्याचा मार्ग जाणून घेण्यासारखा आहे. प्रत्येक यंत्राच्या जाळेजोडणीच्या भागाला कारखान्यातच ४८ द्विमान अंकांचा एक क्रमांक दिलेला असतो. त्यास मॅक पत्ता म्हणतात. याचा पहिला अर्धा भाग सामान्यतः उत्पादक कोण हे सांगतो. आयपी पत्ता व मॅक पत्ता यांची सांगड घालण्याची युक्ती डेव्हिड प्लमर यांनी १९८२ साली मांडली. ती ‘आर्प’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. वाड्याच्या चौकात उभे राहून ‘पंचविसावा क्रमांक कोणाचा?’ अशी हाळी द्यावी आणि ज्याचा असेल त्याने ‘माझा’ म्हणून ओ द्यावी, असे तिचे स्वरूप आहे. आलेले उत्तर विचारणारे यंत्र काही काळ टिपून ठेवते. त्या टिपणावरून मॅक पत्ता कळतो. पुढे, सर्व तारा जेथे एकत्र येतात त्या स्विच नावाच्या पेटीत, कोणता मॅक पत्ता कोणत्या खाचेतून बोलतो याचा तक्ता आपोआप तयार होत असतो. तो पाहिला की खाच कळते, खाचेवरून तार कळते, आणि तारेच्या मागोमाग गेले की यंत्र समोर येते.

हा मार्ग चांगला आहे, पण निर्दोष नाही. मॅक पत्ता हा भांड्यावर कोरलेल्या नावासारखा आहे. भांड्यावर नाव पाटलांचे म्हणून आतली भाजी पाटलांच्याच घरची असेल असे नाही; भांडी शेजारी जातात, आणि नावे घासून नवीही घालता येतात. मॅक पत्ता साध्या आज्ञेने बदलता येतो. शिवाय आजकालचे बहुतेक मोबाइल फोन, मालकाच्या हालचालींवर कोणी पाळत ठेवू नये म्हणून, निरनिराळ्या बिनतारी जाळ्यांत मुद्दाम निरनिराळे काल्पनिक मॅक पत्ते सांगतात. आर्पची तर रचनाच परस्परविश्वासावर उभी आहे. चौकात ओ देणारा खरे बोलत आहे की नाही, हे पाहण्याची सोय तीत नाही. त्यामुळे एखादे लबाड यंत्र दुसऱ्याच्या पत्त्यावर हक्क सांगू शकते. कधी लबाडी नसतानाही, निष्काळजीपणे हाताने पत्ते भरल्यामुळे, दोन यंत्रे एकाच पत्त्यावर येतात आणि दोघांचाही बोजवारा उडतो. म्हणून जाणता व्यवस्थापक एका नोंदीवर विसंबत नाही. पत्तेवाटपाची वही, आर्पचे टिपण आणि स्विचचा तक्ता हे तिन्ही एकच साक्ष देतात की नाही, हे तो पडताळून पाहतो.

मॅक पत्त्याची आणखी एक मर्यादा आहे. तो आपल्या लहान जाळ्याची वेस ओलांडत नाही. राउटरच्या पलीकडे केवळ आयपी पत्ता जातो, आणि तोही बहुधा त्या यंत्राचा स्वतःचा नसतो. पत्ते अपुरे पडणार हे दिसू लागल्यावर १९९४ साली एक तोड सुचविण्यात आली. घरातील किंवा संस्थेतील सर्व यंत्रांनी आपापसांत खाजगी पत्ते वापरावे, आणि बाहेरच्या जगाशी मात्र राउटरच्या एकाच पत्त्याने बोलावे. पुण्यातील जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडे असली तरी रस्त्यावरच्या दाराचा क्रमांक एकच असे, तसा हा प्रकार आहे. बाहेरून पाहणाऱ्यास वाडा कळतो, बिऱ्हाड कळत नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते अशाच खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले असल्याने ते एकाच वेळी लाखो घरांत नांदत असतात.

वाडा कळला म्हणजे बिऱ्हाड कळले, असे मानण्यातील धोका महाराष्ट्राने २००८ साली प्रत्यक्ष पाहिला. त्या वर्षी २६ जुलै रोजी अहमदाबाद शहर बॉम्बस्फोटांच्या मालिकेने हादरले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीची ई-मेल गेली होती. तिच्या आयपी पत्त्याचा माग काढता तो नवी मुंबईतील एका सदनिकेपर्यंत पोहोचला. तेथे एक परदेशी नागरिक राहत असे. येथे कंपनीने दिलेली माहिती बरोबर होती. पत्ता त्याच जोडणीचा होता. परंतु त्याच्या बिनतारी जोडणीचा वापर परक्याने केला होता, असे तपासात दिसून आले. बंगळूरच्या प्रकरणात पहिली पायरी निसटली होती, नवी मुंबईत ती घट्ट होती. पण तिच्यावरून थेट माणसावर उडी मारता आली नसती. दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली म्हणजे पायऱ्या वेगळ्या का मोजाव्या लागतात हे ध्यानात येते.

पुढे अडचण अधिकच वाढली. ३२ अंकी पद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा संपला, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आशिया व प्रशांत विभागाचा सर्वसाधारण वाटपासाठीचा साठाही आटला. तेव्हा सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनी वाड्याची युक्ती मोठ्या प्रमाणावर योजिली. अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिला जाऊ लागला. आता एका दारामागे वाडा नसून अख्खी पेठ असते. अशा वेळी ‘अमुक पत्ता अमुक वेळी कोणाकडे होता?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘एकाच वेळी पुष्कळांकडे’ असे असू शकते. त्यांतून एकास निवडण्यासाठी पोर्ट क्रमांक नावाचा आणखी एक आकडा लागतो. प्रत्येक संभाषणासाठी राउटर हा क्रमांक नेमून देतो आणि त्यावरून आलेले उत्तर योग्य यंत्राकडे वळवितो. संकेतस्थळांनी येणाऱ्याच्या पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ यांचीही नोंद ठेवावी, अशी शिफारस इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या मंडळींनी जून २०११ मध्ये केली आहे. जेथे ही नोंद नाही, तेथे केवळ पत्त्यावरून माणूस शोधणे म्हणजे पेठेच्या नावावरून चोर ओळखणे होय.

वेळेचा प्रश्न दिसावयास क्षुल्लक, परंतु परिणामाने सर्वांत घातक आहे. परदेशातील संकेतस्थळे आपल्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. तेथील नोंदीत १४ तारखेचे २० वाजले असतील, तर भारतात १५ तारीख उजाडून मध्यरात्रीनंतरचा दीड वाजलेला असतो. हे रूपांतर विसरले, अथवा सकाळ आणि संध्याकाळ यांची अदलाबदल झाली, तर कंपनी आपल्या वहीतून अगदी बरोबर उत्तर काढून देईल. मात्र ते भलत्याच प्रश्नाचे उत्तर असेल. धर्मशाळेची वही खरी, व्यवस्थापक प्रामाणिक, आणि तरीही पकडला जाणार तो दुसऱ्याच दिवशीचा उतारू.

हे सर्व निभावून पत्ता एका ग्राहकाच्या नावापर्यंत पोहोचला, तरी काम संपत नाही. ग्राहक म्हणजे देयक भरणारी व्यक्ती. घरात मुले असतात, पाहुणे येतात, दुकानात गिऱ्हाइके येतात, ग्रंथालयात वाचक बसतात. अमेरिकेतील एका वरिष्ठ न्यायालयापुढे २०१८ साली असाच खटला आला होता. एका चित्रपटाची अवैध प्रत एका आयपी पत्त्यावरून उतरविली गेली, आणि त्या पत्त्याच्या नोंदणीकृत ग्राहकावर दावा लावण्यात आला. हा ग्राहक वृद्ध व परावलंबी प्रौढांसाठी निवासगृह चालवीत असे, आणि तेथील जोडणी रहिवासी व पाहुणे यांनाही खुली होती. केवळ ग्राहक म्हणून नोंद असणे एवढ्यावरून त्यानेच कृत्य केले असे मानता येणार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

त्याच देशातील आणखी एक हकीकत बोधप्रद आहे. आयपी पत्त्यावरून भौगोलिक ठिकाण सांगणाऱ्या एका कंपनीला काही पत्त्यांविषयी ‘अमेरिकेत कोठे तरी’ याहून अधिक माहिती नव्हती. तिने अशा पत्त्यांपुढे देशाच्या मध्यभागाजवळचे अक्षांश-रेखांश पूर्णांकात भरून ठेवले. तो बिंदू नेमका कॅन्सस राज्यातील एका शेतावरील घरापाशी पडला. ६० कोटींहून अधिक पत्ते त्या एका घराच्या नावावर जमा झाले, आणि चोरीचे फोन, फसवणूक व हरवलेली माणसे यांचा शोध करीत पोलीस व इतर लोक वर्षानुवर्षे त्या दारी येत राहिले. २०१६ साली खरे कारण उजेडात आले. ‘ठाऊक नाही’ असे लिहावयाच्या रकान्यात आकडा भरला गेला, एवढेच त्याचे मूळ होते. आकडा अज्ञानाला ज्ञानाचा पेहराव चढवितो, तो असा.

यावर कोणी आक्षेप घेईल की, इतकी चिकित्सा करीत बसल्यास गुन्हेगार मोकाट सुटतील. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. फसवणूक झालेल्या वृद्धाला किंवा धमक्या येणाऱ्या मुलीला न्याय मिळवून देताना अनेकदा आयपी पत्ता हाच पहिला धागा असतो. तो टाकून द्यावा असे कोणीही म्हणणार नाही. परंतु धागा हातात धरून पुढे जावयाचे असते, त्याने कोणाचे हात बांधावयाचे नसतात. पत्ता हा चौकशीचा आरंभ आहे, तिचा निष्कर्ष नव्हे. शिवाय चुकीच्या माणसाला धरल्याने खरा गुन्हेगार काही सापडत नाही. उलट तेवढ्या दिवसांत खऱ्या यंत्रावरील खुणा पुसण्यास त्याला सवड मिळते. तेव्हा काटेकोरपणा हा तपासाचा शत्रू नसून त्याचा आधार आहे.

दुसरे मत याच्या उलट टोकाचे आहे: प्रत्येक नागरिकाच्या प्रत्येक हालचालीची नोंद कायमची ठेवावी, म्हणजे संशयाला जागाच उरणार नाही. हेही स्वीकारता येत नाही. नोंदींचा ढीग वाढला म्हणजे चुका कमी होतात असे नाही, आणि वाचकाने काय वाचले याची बखर कोणाच्याही हाती असणे हे मुक्त समाजास शोभणारे नाही. पाहिजेत त्या नेमक्या, अचूक आणि मुदतबंद नोंदी. या दिशेने भारतात एक पाऊल पडले आहे. संगणकसुरक्षेची जबाबदारी असलेल्या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरविणाऱ्यांनी व संस्थांनी आपल्या यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र किंवा दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या प्रमाणवेळेशी जुळती ठेवावी, आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या. घड्याळे जुळविण्याचा हा आदेश दिसावयास किरकोळ आहे. परंतु वर सांगितलेल्या वेळेच्या घोटाळ्याचा विचार केला म्हणजे त्याचे मोल कळते.

नव्या पत्तापद्धतीने हा प्रश्न आपोआप सुटेल, अशीही आशा काही जण बाळगतात. १२८ अंकांच्या या पद्धतीत पत्ते इतके विपुल आहेत की प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळू शकतो, आणि तिच्या प्रसारात भारत अग्रभागी असलेल्या देशांपैकी आहे. वाड्याचा आणि पेठेचा गुंता तिच्यामुळे कमी होईल, हे खरे. पण खाजगीपणाच्या रक्षणासाठी यंत्रे त्या पद्धतीतही तात्पुरते पत्ते घेतात व ते साधारणतः दिवसागणिक बदलतात. आणि यंत्रापुढे कोण बसले होते, हे तर कोणतीही पत्तापद्धती सांगू शकत नाही.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरणे आवश्यक आहे. पत्त्याविषयी पृच्छा करणाऱ्याने तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, ती वेळ कोणत्या प्रमाणातील आहे हे, आणि पोर्ट क्रमांक यांवाचून पृच्छा करू नये. उत्तर देणाऱ्याने अशा अपुऱ्या पृच्छेला नाव कळवू नये. दिलेले उत्तर दुसऱ्या जाणत्या व्यक्तीने मूळ नोंदीशी ताडून पाहावे. आणि ज्या माणसाचे नाव पुढे आले, त्याच्या यंत्रावर किंवा अन्यत्र त्या कृत्याची स्वतंत्र खूण सापडेपर्यंत त्याला कोठडीत टाकू नये. यांतील एकही मागणी खर्चिक नाही. सर्वांत मोठा खर्च थोड्या सावकाशीचा आहे.

शाळा आणि ग्रंथालये यांनाही यात वाटा उचलता येईल. संगणककक्षातील यंत्रांच्या मॅक पत्त्यांची यादी करून ठेवणे, पत्तेवाटप करणाऱ्या राउटरचे घड्याळ बरोबर आहे की नाही हे पाहणे, बिनतारी जोडणीला भक्कम परवलीचा शब्द लावणे, आणि कोणत्या यंत्रावर कोण केव्हा बसले याची साधी वही ठेवून ठराविक मुदतीनंतर ती नष्ट करणे, ही कामे एखादा उत्साही शिक्षक विद्यार्थ्यांकडूनच करवून घेऊ शकेल. विद्यार्थ्यांना आर्पचे टिपण उघडून दाखवावे, एखादा पत्ता देऊन त्याचे यंत्र शोधावयास सांगावे, आणि यंत्र सापडल्यावर विचारावे: आता सांगा, काल दुपारी यावर कोण बसले होते? वर्गात क्षणभर शांतता पसरेल. कोणी म्हणेल, ‘वही पाहावी लागेल’. आणि दुसरा कोणी विचारील, ‘वहीत लिहिणाऱ्याने खरेच नाव लिहिले कशावरून?’ या दुसऱ्या प्रश्नापर्यंत जो विद्यार्थी पोहोचला, त्याला जाळ्याचे शास्त्रही कळले आणि पुराव्याचे शास्त्रही कळले असे समजण्यास हरकत नाही.